घरचं खारं पाणी

साधना गावंडेच्या माहेरी पाणी दोन प्रकारचं असायचं, पाहुण्यांचं आणि घरचं. पाहुण्यांचं गोड. ते आधी बैलगाडीवरच्या ड्रममधून, मग टँकरने, पुढे आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळाने आलं, पण त्याची जागा बदलली नाही. देवघराशेजारच्या माठात, तोंडाला पांढरं फडकं बांधून. घरचं पाणी म्हणजे हातपंपाचं, खारं, पडवीतल्या रांजणातलं. दर्यापूरच्या पलीकडे पूर्णेच्या दोन्ही अंगांना जो खारपाण पट्टा आहे, तिथल्या घराघरांत हा रिवाज होता. जावई आला, गोड. ग्रामसेवक आला, गोड. सोयरिकीची माणसं आली की गोडाचा तांब्या आणि वर "अजून घ्या नं" असा आग्रह. घरच्यांनी मात्र खारंच प्यायचं आणि तोंड वाकडं करायचं नाही.

मी अमरावतीची, राजापेठेत वाढलेली. पहिल्यांदा तिच्याबरोबर बोराळखेडला गेले तेव्हा मला बैठकीतल्या खुर्चीवर बसवून गोड पाणी दिलं. साधनाने सरळ पडवी गाठली आणि रांजणात गडू बुडवला. तिची वहिनी पौर्णिमा ग्लास घेऊन मागे धावली. "ताई, हे घ्या नं, गोड हाय."

"मी का पावणी हाव?" साधना म्हणाली आणि गडू गटागटा रिकामा केला.

दर वेळी हेच. वहिनीने ग्लास घेऊन धावायचं, नणंदेने तेच उत्तर द्यायचं आणि दोघींनी हसायचं. मीही एकदा हट्टाने रांजणातलं पाणी प्यायले. जिभेवर जी खरवड बसली ती दर्यापूरचा चहा पिऊनही उतरली नाही. साधनाला माझी फार गंमत वाटली.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात. मी रसायनशास्त्र शिकवते, ती सूक्ष्मजीवशास्त्र. मी कायम आहे, ती तासिका तत्त्वावर. म्हणजे तिला आजारी पडायची परवानगी नाही, उन्हाळ्यात ती कॉलेजची कोणीच नाही आणि दर जूनमध्ये तिची नव्याने मुलाखत होते, ज्यात जुनीच माणसं तिला तिचं नाव विचारतात. माझा अशा वेळी पारा चढतो, तिचा चढत नाही. लग्न का नाही केलं असं कोणी विचारलं तर "जमलं नाही" एवढंच सांगते आणि विषय संपवते. तिला खरी बोलती करायची तर एकच विषय होता, तिची विहीर.

गावंडेंच्या वावरात नाल्याच्या काठी जुनी दगडी विहीर होती. तिचं पाणी हातपंपासारखं नुसतं खारं नव्हतं, ते तोंडात धरवत नसे. फार पूर्वी त्या पाण्याचं मीठ करायचे म्हणे, काठावर त्यासाठीचं उथळ टाकं होतं, आणि इंग्रजांच्या काळात तो उद्योग बंद पडला. बैल तिच्या पाण्याला तोंड लावत नसे, काठावर काही लावलं तर जळून जायचं. गावाने तिचं नाव ठेवलं येडी विहीर. मे महिन्यात टाक्यात झिरपलेलं पाणी आटत आलं की त्यावर गुलाबी छटा यायची. साधनाचे वडील वामनराव पोरीला सांगायचे, "पाय, विहिरीले लाज येऊन राहिली."

पोरगी मोठी झाली, अमरावतीला येऊन शिकली आणि तिला कळलं की ती लाज जिवंत आहे. मिठाशिवाय जगूच न शकणारे सूक्ष्मजीव होते ते. तिने त्यांच्यातला एक वेगळा काढला, त्याचं स्टार्च तोडणारं एन्झाइम काढलं आणि त्यावर पीएच.डी.ला नाव नोंदवलं. तासिका सांभाळून, फ्लास्क धुऊन, लोकांच्या सुट्टीत लॅब उघडून तिने ते काम रेटलं. लोक तिला मागे येडी विहीर म्हणायला लागले, तेही तिने ऐकून सोडून दिलं.

वामनराव गेले आणि हक्कसोडाचा विषय आला. आमच्याकडे बाप गेला की बहिणींनी जमिनीवरचा हक्क भावासाठी सोडून सही करायची असते. कायदा काहीही म्हणो. सही केली तर माहेर राहतं, नाही केली तर वाटा मिळतो आणि माहेर जातं. शिकल्यासवरल्या बायका यावर वर्गात तावातावाने बोलतात आणि सुट्टीत जाऊन सही करून येतात. साधनाने तेच केलं. दर्यापूरच्या कचेरीत साक्षीदार म्हणून मीच गेले होते. जिन्यात तिला अडवून म्हटलं, "निदान त्या विहिरीचा तुकडा तरी नावावर ठेव."

"सख्ख्या भावाजवळ काय कागद करू, मंजू?"

तिचा धाकटा भाऊ गजेंद्र अकोल्याला कृषीचं शिकून गावात परतला होता. हुशार, हसतमुख, कोणालाही दोन वाक्यांत आपलंसं करणारा. सही झाल्यावर कचेरीबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. तिथे साधना त्याला म्हणाली, "गजा, मले काही नको. ते येडी विहीर तेवढी तशीच राहू दे. तिच्यात काही टाकू नको अन् तिले उपसू नको."

"ताई, तुह्या विहिरीले मी बोटही लावत नाही. बाबाची आन." त्याचे डोळे भरून आले होते. माझेही आले, कशाला खोटं सांगू.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्याने आम्हाला हुरडा खायला बोलावलं. वावरात गोवऱ्यांची आगटी पेटलेली, पौर्णिमा कणसं भाजून हातावर चोळून देत होती आणि गजेंद्रने विचारलं, "ताई, पन त्या किड्यात एवढं हाय काय?"

साधना खुलली. पिशवीतून तिने एन्झाइमची कुपी काढली, जी प्रवासातही कायम तिच्याजवळ असायची. आरारूटची पातळ खळ पौर्णिमाकडून शिजवून घेतली. दोन वाट्यांत ती ओतली. एका वाटीत येड्या विहिरीचं पाणी घातलं, दुसरीत देवघराजवळच्या माठातलं गोड. दोन्हींत कुपीतले सारखे थेंब टाकले आणि वाट्या उन्हात ठेवल्या. "आता हुरडा खा," म्हणाली.

खाता खाता ती समजावत होती. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ती एका ठरावीक पद्धतीने गुंडाळलेली असते आणि त्या गुंडाळीतच एन्झाइमचं सगळं कसब असतं. गुंडाळी बिघडली की कसब गेलं. मीठ काय करतं? कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं, कारण मीठ पाणी ओढून घेतं. तुमच्या-आमच्या पोटातलं एन्झाइम इतक्या मिठात टाकलं तर त्याच्या भोवतीचं पाणीही मीठ असंच ओढून घेतं. मग त्याचे पाण्याला नाक मुरडणारे तेलकट भाग उघडे पडतात, एकमेकांना चिकटतात आणि सगळा ऐवज गोळा होऊन तळाशी बसतो.

"मंग याचं काहून नाही बसत?" गजेंद्रने विचारलं.

"याची घडणच येगळी. याच्या अंगावर बाहीरून समद्या जागी आम्लधर्मी अमिनो आम्लं बसवली हायेत, त्याच्यावर ऋण भार असते. ते भार पाण्याले धरून ठेवतात, मिठातल्या सोडियम-पोटॅशियमलेही धरून ठेवतात. मीठ कितीही ओढो, याच्या आंगावरचं पाणी सुटत नाही. तेलकट भाग यानं कमीच ठेवलाय."

मी म्हटलं, "म्हणजे तुझा किडा खाल्ल्या मिठाला जागतो."

"तू नं, मंजू, रसायनवाली असून कीर्तन करतं," ती म्हणाली.

गजेंद्र मात्र हसला नाही, तो विचार करत होता. "अन् गोड्या पाण्यात?"

"गोड्या पाण्यात मधात पडणारं कोणीच नाही. ऋण अन् ऋण समोरासमोर आले की एकमेकाले ढकलतात. मीठ होतं तवर ते मधात उभं राहून भांडण मिटवत होतं. मीठ गेलं की आतला गाभाही लहान, तोही धरून ठेवू शकत नाही. गुंडाळी उसवते. अन् ज्याचं हे एन्झाइम हाय तो जीव तर फुटूनच जाते."

"आपल्या घरी आई मधात हाय तसं म्हण की," गजेंद्र म्हणाला आणि सगळे हसले. त्याची आई मैनाबाई हुरड्याची कणसं निवडत होत्या, त्याही हसल्या.

हुरडा खाऊन झाल्यावर साधनाने दोन्ही वाट्यांत टिंक्चर आयोडीनचे थेंब टाकले. गोड्या पाण्याची वाटी गडद निळी झाली, म्हणजे स्टार्च जसंच्या तसं, एन्झाइम मेलेलं. खाऱ्या पाण्याची वाटी आयोडीनची पिवळसर झाक घेऊन तशीच राहिली. स्टार्च केव्हाच तुटलं होतं. गजेंद्रने निळी वाटी उचलून उन्हाला धरली, फिरवून पाहिली. मग म्हणाला, "म्हणजे थोडंसंही गोड पाणी चालत नाही." त्याला सगळं समजलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे गावात सांगण्यात आलं की बिचाऱ्याला यातलं काय कळणार.

प्रबंध पुढच्या वर्षी फेब्रुवारीत गेला. मार्चात कॉलेजवर तपासणी समिती येणार म्हणून रंगरंगोटी सुरू झाली. आमच्या प्राचार्यांना साधनाच्या लॅबमधले गुलाबी, उग्र वासाचे फ्लास्क दिसले. "पाहुण्यांना हे काय दाखवायचं?" ते म्हणाले. शिपायांनी फ्लास्क बेसिनमध्ये ओतून नळ सोडला. समितीसाठी आणलेली मिठाई ठेवायला फ्रीज हवा होता, म्हणून आत जपून ठेवलेल्या त्या जिवाच्या नळ्याही गेल्या. मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन जे बोलले ते इथे लिहीत नाही. साधना मात्र स्टाफरूममध्ये शांत बसली होती. "जाऊ दे वो. विहीर कुठी पळून चालली? मे मधी जाईन अन् भरून आणीन."

मे महिना उजाडला आणि गजेंद्रचा फोन आला. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, अमरावतीलाच करून घे, मी इकडे कामात आहे. मैनाबाई अख्खा महिना साधनाच्या दोन खोल्यांत राहिल्या. आधी एक डोळा, मग दुसरा. थेंब टाकायचे, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, वाकायचं नाही. साधनाने सगळं केलं. एकदा ती मला म्हणाली, उद्या तू आईजवळ बस, मी सकाळच्या गाडीने जाऊन दोन कॅन भरून येते. मैनाबाईंनी ऐकलं. डोळ्यावर पट्टी असलेली म्हातारी चाचपडत उठली आणि तिने साधनाचा हात धरला.

"इतक्या उन्हात कायले जातं? मले सोडून जाऊ नको, बाई."

साधना गेली नाही. आईने असं कधी हात धरून थांबवलं नव्हतं, याचंच तिला कौतुक वाटत होतं. संध्याकाळी मला फोन करून सांगत होती, "पाय नं, आईले आता माहीच गरज वाटते."

जुलैत परीक्षकांचा अहवाल आला. काम महत्त्वाचं आहे, असं लिहिलं होतं. पण मूळ जीव पुन्हा मिळवून एन्झाइमची चाचणी तोंडी परीक्षेच्या वेळी करून दाखवावी, असंही होतं. तिच्या नोंदणीची शेवटची मुदतवाढ त्या हिवाळ्यात संपणार होती. त्याआधी तो जीव हवा, नाहीतर इतक्या वर्षांचं काम रद्दी. आणि तो जीव आता एकाच ठिकाणी होता.

मे संपताच गजेंद्र येऊन आईला घेऊन गेला होता, जून मुलाखतीत आणि नव्या तासिकांत सरला होता; आता राखीला जायचंच होतं. गजेंद्रने स्वतः फोन केला, "येच ताई. यंदा तुह्यासाठी अशी ओवाळणी हाय की तू पायतच राहशीन. मंजूताईलेही आण." माझ्या गाडीच्या डिकीत आम्ही चार कॅन, निर्जंतुक केलेल्या बाटल्या आणि थर्माकोलचा डबा भरला. पावसाळ्यात ते पाणी थोडं पातळ होतं खरं, पण जड खारं पाणी तळाशी टिकून राहतं, दोरीला बाटली बांधून तळातून काढू, असं तिचं ठरलेलं होतं. वाटेत ती गुणगुणत होती. तिला गाताना मी त्या दिवशीच ऐकलं.

गावाच्या तोंडाशी फलक होता. गजेंद्रचा हात जोडलेला फोटो आणि खाली "खारपाणात गोडवा, जलपूजन सोहळा". साधना म्हणाली, "शेततळं केलं वाटते पोट्ट्यानं. सांगतलंही नाही." तिला अभिमान वाटला होता. लाउडस्पीकरच्या आवाजामागे आम्ही वावराच्या वाटेने गेलो. मांडव नाल्याच्या काठी होता.

येड्या विहिरीला निळा-पांढरा रंग दिला होता. वर लोखंडी जाळी, भोवती झेंडूच्या माळा. काठचं उथळ टाकं बुजवून तिथे दगड-वाळूचा गाळणखड्डा केला होता, आणि शेततळ्याकडून आलेला जाड पाइप त्या खड्ड्यातून विहिरीत उतरला होता. पाणी पडल्याचा आवाज येत होता.

साधना थांबली. काही बोलायच्या आत कोणीतरी तिच्या गळ्यात हार घातला आणि तिला खुर्चीकडे नेलं. ती व्यासपीठावर, मी समोर बायकांच्या रांगेत. गजेंद्रने माइक घेतला. उन्हाळ्यात विहीर मोटर लावून तळापर्यंत उपसली, तो सांगत होता. तळाचा खारा गाळ काढून नाल्यात टाकला. आता शेततळ्याचं पाणी आत सोडलं. अजून थोडं मचूळ लागते, पण दोन पावसाळे जाऊ द्या, साखर होईन. भोवतालचे हातपंपही सुधरतीन. गावातल्या लोकांच्या किडन्या वाचतीन. "अन् या विहिरीवर सगळ्यात जास्त जीव कोनाचा असन तर माह्या ताईचा. आज राखी हाय. ही गोड झालेली विहीर माह्या ताईले ओवाळणी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारी माणिकबाई म्हणून म्हातारी बसली होती, जिने आयुष्यभर गोड पाण्यासाठी मैल मैल हंडे वाहिले होते. ती रडत होती. उठून तिने साधनाच्या तोंडावरून हात फिरवला. "बाई, तुह्या भावानं लय पुण्य केलं."

मग साधनाच्या हातात तांब्याचा कलश दिला. त्यात गोड पाणी, वर नारळ. विहिरीत पूजेची धार बहिणीच्या हातून पडायची होती. मला वाटलं ती कलश खाली ठेवेल, मी तर ठेवलाच असता, आणि दोन शब्द माइकवर सुनावले असते. पण समोर माणिकबाई हात जोडून उभी होती. साधनाने नारळ बाजूला काढला आणि कलश जाळीवरून रिकामा केला. शेवटचा थेंब पडेपर्यंत तो वाकडा धरून ठेवला.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा तिने गजेंद्रला मांडवामागे गाठलं. मी होतेच.

"गजा, तू पायलं होतं. तूच वाटी उचलून पायली होती."

"पायलं होतं, ताई." तो नजर चुकवत नव्हता, एवढं म्हणायला हवं. "पन गावाले पाणी पायजे का तुहे किडे? माह्या पोराले मुतखडे झाले. तुले ठाऊक हाय."

"पाणीच पायजे. मी नाही म्हटलं असतं का? मी या गावचं खारं पाणी पिऊन मोठी झाली. एक फोन करायचा होता, गजा. उपसायच्या आदल्या दिवशी. मी येऊन दोन कॅन भरून नेले असते अन् तुह्या मोटरीचं बटन माह्या हातानं दाबलं असतं."

"अन् तू नाही म्हटलं असतं तर?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. मला वाटतं, विहिरीपेक्षा हे वाक्य तिला जास्त लागलं. सगळी जमीन तिने कागदावर सोडून दिली होती, आणि त्याला भीती होती की दोन कॅनसाठी ती गावाचं पाणी अडवेल. की त्याला भीती वाटत होती तिला विचारावं लागण्याची? मला ही दुसरी भीतीच खरी वाटते. विचारलं असतं तर विहीर तिची आहे हे मान्य केल्यासारखं झालं असतं.

"बाबाची आन घेतली होती तू," ती म्हणाली.

"बाबाही असते तर खूशच झाले असते," तो म्हणाला आणि पाहुण्यांना वाढायला गेला.

तिने तरीही दोरीला बाटली बांधून तळातून पाणी काढलं, नाल्याच्या कडेचा गाळ खरवडला, पण तो पावसाने धुऊन गेलेला होता. त्या बाटल्यांमधून पुढे काही उगवलं नाही, हे इथेच सांगून टाकते. कोणत्याही डबक्यात असतात तसले जिवाणू वाढले, दुसरं काही नाही. पुढच्या मेमध्ये टाक्यावर गुलाबी छटा येणार नव्हती, कारण टाकंच नव्हतं.

आम्ही घरी आलो. गजेंद्रने पाटावर बसून मनगट पुढे केलं आणि साधनाने राखी बांधली. मी असते तर बांधली नसती. तिने गाठ नीट मारली, औक्षण केलं, पेढ्याचा तुकडा त्याच्या तोंडात दिला. तो पुन्हा मांडवाकडे गेला.

खोलीत मैनाबाई पलंगावर बसल्या होत्या. दोन्ही डोळे उघडे, चष्मा नाही, त्यांना आता भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचता येत होती. लेकीचा चेहरा तर त्यांना दिसतच होता. साधना त्यांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "आई, पाय नं गजानं काय केलं."

मैनाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मले ठाऊक होतं, बाई."

"कवा?"

"त्यानं मले तुह्याकडे धाडलं तवाच. तुले सांगू नको म्हणे. ते मोटर आल्ती, मानसं आल्ती." त्यांचा आवाज बारीक झाला. "पट्टी सुटली त्या दिवशी सांगणारच होती. पन मले याच घरात मरायचं हाय, साधना. तू तं जाशीन अमरावतीले."

माझ्या डोळ्यांसमोर ती पट्टी बांधलेली म्हातारी आली, चाचपडत उठून लेकीचा हात धरणारी. साधनाच्याही आली असणार. तिने महिनाभर ज्या डोळ्यांत थेंब टाकले त्यांच्याकडे ती बघत राहिली. तिने आईला एका शब्दाने दुखावलं नाही. मी मात्र सुनावणारच होते, थांबले ती फक्त तिच्याकडे बघून.

ती उठली आणि पडवीत गेली. तिला तहान लागली होती, की काहीतरी ओळखीचं हातात धरायचं होतं, कोण जाणे. खुंटीवरचा गडू तिने काढला. रांजणाच्या जागी फरशीवर नुसता गोल डाग होता. शेजारी चकचकीत फिल्टर बसवलेला.

पौर्णिमा ट्रेमध्ये ग्लास घेऊन आली. या वेळी ती धावत नव्हती. "ताई, हे घ्या नं, गोड हाय."

"मले घरचं दे, पौर्णिमा."

"घरचं आता हेच हाय, ताई. रांजण तं आखाडीतच काढून टाकला. खारं पाणी घरात राहिलंच नाही."

साधना हातात रिकामा गडू घेऊन तशीच उभी होती. मी वाट बघत होते की ती म्हणेल, मी का पावणी हाव. पौर्णिमाही वाट बघत होती, ते तिच्या तोंडावर दिसत होतं, कारण त्या वाक्यावर दोघी हसायच्या आणि सगळं पुन्हा सुरळीत व्हायचं. साधनाने गडू खुंटीला अडकवला. ट्रेमधला ग्लास घेतला आणि बैठकीत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली, जिथे आजवर ती कधी बसली नव्हती. दोन्ही हातांनी धरून तिने तो संपवला.

"अजून घ्या नं," पौर्णिमा म्हणाली.